ट्यूब पॉवर ॲम्प्लिफायर घेताना: आधी स्पीकर, मग ट्रान्सफॉर्मर, शेवटी ट्यूब

महागडा ट्यूब पॉवर ॲम्प, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या (ट्यूब) वापरून स्पीकर वाजवणारा ॲम्प्लिफायर, घ्यायचं मनात आलं की पहिली चौकशी होते ती ट्यूबची. ३००बी चांगली की केटी८८? ईएल३४ चा आवाज गोड की ८४५ चा भारदस्त? दुकानदारही तिथूनच सुरुवात करतो, कारण ट्यूब डोळ्यांना दिसते आणि मोहात पाडते. पण एवढे लाख मोजून आणलेला ॲम्प पाच वर्षांनीही समाधान देत असेल का, हे तीन गोष्टींवर ठरतं: तुमचा स्पीकर, ॲम्पमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूबची वीज स्पीकरला झेपेल अशी करून देणारा) आणि तुमच्या घरातली वीज. ट्यूबचा नंबर त्यानंतर. म्हणून या लेखातही त्याच क्रमाने जाऊ. स्पीकरचं माहितीपत्रक आणि कॅल्क्युलेटर जवळ ठेवलंत तर वाचता वाचताच तुमचं गणित होऊन जाईल.

स्पीकरला किती वॅट लागतात?

माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी दिलेली असते. समजा ती ८७ डेसिबल आहे. म्हणजे स्पीकरला १ वॅट दिला की १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज मिळतो. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, दहापट केले की १०. आपण ऐकायला बसतो ते साधारण ३ मीटरवर. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतरात साडेनऊ डेसिबल कमी होतील; घरात भिंती आवाज परत पाठवतात, म्हणून ७ धरा. दोन स्पीकर वाजतात, त्याचे ३ मिळवा. ८७ उणे ७ अधिक ३, म्हणजे खुर्चीपाशी एका वॅटला ८३ डेसिबल.

आता संगीताकडे बघू. रात्री ख्याल ऐकताना सरासरी पातळी ७५ डेसिबलच्या आसपास असली तरी सम गाठतानाची तबल्याची थाप त्याच्यावर १५ डेसिबल सहज उडी घेते. म्हणजे ९०. त्यासाठी या स्पीकरला ५ वॅट पुरतात आणि ८ वॅटचा ३००बी ॲम्प थोडं हातचं राखूनही निभावून नेईल. पण पाश्चात्त्य वाद्यवृंद किंवा ढोल-ताशाचं ध्वनिमुद्रण मनासारखं वाजवायचं असेल तर उंचवटे ९८ पर्यंत जातात आणि लागतात ३२ वॅट. १०३ हवे असतील तर १००. याउलट ९६ डेसिबलचा स्पीकर असेल तर तोच ८ वॅटचा ॲम्प खुर्चीपाशी १०१ डेसिबल देतो. ॲम्प तोच, ट्यूब तीच. एका घरात तो गुदमरतो आणि दुसऱ्या घरात मोकळा गातो.

इथे एक फसगत टाळा. पुष्कळ माहितीपत्रकांत सेन्सिटिव्हिटी '२.८३ व्होल्टला' अशी लिहिलेली असते. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट, पण ४ ओहमच्या स्पीकरमध्ये तेच २ वॅट होतात. तेव्हा ४ ओहमच्या स्पीकरवर ९० लिहिलं असेल तर तुमच्या हिशेबात ८७ धरा.

इम्पीडन्सचा आलेख: सगळ्यात महत्त्वाचा कागद

वॅटचं गणित निम्मंच काम करतं. स्पीकरवर '८ ओहम' छापलेलं असलं तरी तो आकडा सरासरीचा असतो. प्रत्यक्षात वेगवेगळ्या स्वरांना इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, खालीवर होत राहतो. एकाच स्पीकरमध्ये कुठे ३ ओहम, तर कुठे २० ओहम असणं नवलाचं नाही. ट्रान्झिस्टर ॲम्पला त्याची फारशी फिकीर नसते, कारण त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स नगण्य असतो. ट्यूब ॲम्पचा तसा नसतो.

फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत आत देऊन चूक सुधारणं) नसलेल्या, सिंगल-एंडेड (एका चॅनलला एकच पॉवर ट्यूब असलेल्या) ३००बी ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स अडीच ओहम धरा. स्पीकर जिथे ३ ओहमवर उतरतो तिथे ॲम्पच्या व्होल्टेजपैकी ३ भागिले साडेपाच, म्हणजे ५५ टक्केच स्पीकरपर्यंत पोचतं. जिथे २० ओहमवर चढतो तिथे ८९ टक्के. डेसिबलमध्ये हा फरक सव्वाचार भरतो. म्हणजे स्पीकर बनवणाऱ्याने जिवापाड मेहनत करून सपाट केलेल्या आवाजात तुमचा ॲम्प सव्वाचार डेसिबलच्या टेकड्या उभ्या करतो. बहुधा एक टेकडी खर्जात येते आणि दुसरी वरच्या मध्यात, क्रॉसओव्हरच्या, म्हणजे स्पीकरमधल्या मोठ्या आणि छोट्या ड्रायव्हरमध्ये आवाज वाटला जातो त्या जागेच्या, आसपास. ज्याला लोक 'ट्यूबचा गोडवा' म्हणतात, त्यातला बराचसा भाग हाच असतो. तो कधी गोड लागतो, कधी बायाँचा आवाज फुगवून टाकतो.

हेच गणित ०.४ ओहमच्या ॲम्पवर करून बघा. फरक १ डेसिबलच्या आत येतो. आउटपुट इम्पीडन्स सहसा थेट लिहीत नाहीत, त्याऐवजी डॅम्पिंग फॅक्टर देतात. ८ ला डॅम्पिंग फॅक्टरने भागा, की ओहममध्ये उत्तर मिळतं. फॅक्टर २० असेल तर ०.४ ओहम. अमेरिकेतल्या स्टीरिओफाइल मासिकाच्या परीक्षणांत ॲम्पला खऱ्या स्पीकरसारखा लोड जोडून काढलेला आलेखही छापतात. तुमच्या मनातल्या ॲम्पचा असा आलेख मिळाला तर दहा परीक्षकांच्या विशेषणांपेक्षा तो मोलाचा माना.

स्पीकरचा इम्पीडन्स ६ ओहमच्या खाली जात नसेल आणि फारसा हेलकावे खात नसेल, तर जवळपास कुठलाही ट्यूब ॲम्प चालेल. ३ ओहमपर्यंत उतरत असेल तर ४ ओहमचा टॅप (त्या ओहमच्या स्पीकरसाठी ट्रान्सफॉर्मरमधून काढलेली जोडणी) असलेला, थोडा फीडबॅक वापरणारा पुश-पुल (ट्यूब जोडीने वापरणारा) ॲम्पच बघा. त्याच्याहीखाली जाणाऱ्या स्पीकरसाठी ट्यूब ॲम्पवर मोठी रक्कम घालू नका, असं मी स्पष्ट सांगेन. आधी स्पीकर बदला किंवा ट्रान्झिस्टरचा ॲम्प घ्या.

तीन घराणी

सिंगल-एंडेड ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडची साधी ट्यूब) हे पहिलं घराणं. प्रत्येक चॅनलला एकच पॉवर ट्यूब, आवाजाची पूर्ण लाट तीच पेलते. २ए३ साडेतीन वॅट देते, ३००बी ८ वॅटच्या आसपास, ८४५ आणि २११ या मूळच्या ट्रान्समीटरच्या ट्यूब २० वॅटच्या घरात. वेस्टर्न इलेक्ट्रिकची ३००बी १९३८ सालची. एका कंठाचा, एका सारंगीचा आवाज या ॲम्पवर जितका जवळून ऐकू येतो तितका क्वचितच दुसरीकडे येतो, आणि ज्याच्याकडे ९५ डेसिबलच्या वरचे स्पीकर आहेत त्याने हे घराणं ऐकल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

दुसरं घराणं पुश-पुलचं. ट्यूबची जोडी लाटेचे दोन अर्धे वाटून घेते, त्यामुळे ताकद वाढते आणि काही प्रकारची विकृती आपसात कटते. आजचे पुश-पुल ॲम्प ज्या कल्पनांवर उभे आहेत त्या बहुतेक दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांतल्या आहेत: १९४७ मध्ये इंग्लंडच्या विल्यमसनचं सर्किट, १९५१ मध्ये हॅफ्लर आणि केरोस यांनी लोकप्रिय केलेली अल्ट्रालिनियर जोडणी (ट्यूबचा जादा ग्रिड ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपला जोडणारी), आणि त्याच सुमारास मॅकिंटॉशचं युनिटी-कपल्ड सर्किट.

मॅकिंटॉशचा एमसी२७५ इथे उदाहरण म्हणून बघण्यासारखा आहे. तो १९६१ साली आला, १९७३ मध्ये थांबला आणि १९९३ पासून पुन्हा नव्या आवृत्त्यांत निघू लागला. चार केटी८८, प्रत्येक चॅनलला ७५ वॅट. मोनो जोडला तर १५०. त्याचं मर्म आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. त्यात ट्यूबच्या प्लेटची (जिथे इलेक्ट्रॉन पोचतात) आणि कॅथोडची (जिथून ते निघतात) अशा दोन्ही तारा शेजारी-शेजारी एकत्र गुंडाळलेल्या असतात, म्हणून दोन ट्यूबमधली देवाणघेवाण अतिशय घट्ट राहते. ४, ८ आणि १६ ओहमचे टॅप, आणि हल्लीच्या आवृत्तीचा डॅम्पिंग फॅक्टर २० च्या वर. केटी८८ तर अनेकांच्या ॲम्पमध्ये असते. हा ॲम्प साठ वर्षं टिकला तो त्या ट्रान्सफॉर्मरमुळे.

काही पुश-पुल ॲम्पवर ट्रायोड आणि अल्ट्रालिनियर अशी निवड करणारं बटण असतं. ट्रायोडला ताकद साधारण निम्म्यावर येते. मघाचं वॅटचं गणित त्या निम्म्या आकड्यावर पुन्हा करून बघा. पुरत असेल तर बटणाला अर्थ आहे.

तिसरं घराणं आउटपुट ट्रान्सफॉर्मरच नसलेल्या ओटीएल ॲम्पचं. ज्युलियस फटरमनने १९५० च्या दशकात ते रुळवलं, आज मिनेसोटाच्या ॲटमा-स्फिअरचं नाव त्यात घेतलं जातं. स्पीकर ८ ते १६ ओहमचा असेल तर आवाजातली चपळाई थक्क करते. पण ट्यूब पुष्कळ, उष्णता पुष्कळ, आणि ४ ओहमच्या स्पीकरशी पटत नाही.

मिश्र संगीत आणि ८६ ते ९० डेसिबलचे स्पीकर असलेल्या बहुतेक मराठी घरांना ४० ते ८० वॅटचा चांगला पुश-पुल ॲम्पच योग्य, असं माझं मत आहे.

ट्रान्सफॉर्मर ओळखायचा कसा?

झाकणाखाली काय आहे ते दिसत नाही, पण तीन प्रश्नांतून बरंच कळतं. पहिला: पूर्ण ताकद खाली किती हर्ट्झपर्यंत मिळते? '२० ते २०,००० हर्ट्झ' एवढं लिहिलेलं पुरेसं नाही, कारण ते मोजमाप १ वॅटवरचं असू शकतं. ट्रान्सफॉर्मरचा गाभा लहान असला की मोठ्या आवाजात ३०–४० हर्ट्झला तो संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व पेलू शकत नाही, आणि पखवाजाचा खर्ज चिरडल्यासारखा येतो. दुसरा: टॅप किती, आणि टॅप बदलल्यावर सगळं वाइंडिंग वापरलं जातं की काही रिकामं राहतं? तिसरा प्रश्न वजनाचा. एकाच ताकदीच्या दोन पुश-पुल ॲम्पमध्ये एक १६ किलोचा आणि दुसरा ३० किलोचा असेल तर बहुधा जड ॲम्पमध्ये लोखंड आणि तांबं जास्त आहे. सिंगल-एंडेडमध्ये तर गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते, म्हणून ८ वॅटच्या ॲम्पचाही ट्रान्सफॉर्मर मोठा लागतो. ८ वॅटचा ३००बी ॲम्प एका हाताने उचलता आला तर खर्जाबद्दल शंका घ्या.

घरी आल्यावर ४ आणि ८ दोन्ही टॅपवर ऐका. ८ ओहमचा स्पीकर ४ च्या टॅपवर लावला की ताकद कमी होते, पण विकृती आणि आउटपुट इम्पीडन्स दोन्ही उतरतात. पुष्कळदा खर्ज तिथे जास्त आवरलेला वाटतो. टॅप बदलण्याआधी मात्र ॲम्प बंद करा.

बायस: स्वतः करणार की ॲम्पवर सोडणार?

पॉवर ट्यूबमधून शांत असतानाही ठरावीक प्रवाह वाहायला हवा. तो ठरवणं म्हणजे बायस लावणं. काही ॲम्पमध्ये तो मालकाने लावायचा असतो, काहींमध्ये ॲम्प स्वतः सांभाळतो. प्रायमालुनाचे ॲम्प आणि ऑडिओ रिसर्चची हल्लीची रेफरन्स मालिका दुसऱ्या प्रकारातली. एमसी२७५ मध्येही मालकाला काही फिरवावं लागत नाही.

हाताने लावायचा असेल तर काय करावं लागतं ते एका उदाहरणाने बघा. ईएल३४ च्या प्लेटला जास्तीत जास्त २५ वॅट झेपतात. त्याच्या ७० टक्क्यांवर ठेवायचं, म्हणजे १७.५ वॅट. प्लेटवर ४३० व्होल्ट असतील तर १७.५ भागिले ४३०, म्हणजे ४१ मिलिॲम्पिअर. ॲम्पवर दिलेल्या टेस्ट पॉइंटच्या मागे १० ओहमचा रेझिस्टर असेल तर मल्टिमीटरवर ४१० मिलिव्होल्ट दिसायला हवेत. ॲम्प अर्धा तास तापू द्यायचा, मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावायचा, आणि स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवत चारही ट्यूब त्या आकड्यावर आणायच्या. एकीचा आकडा बदलला की दुसरीचा हलतो, म्हणून दोन फेऱ्या कराव्या लागतात. प्रत्यक्षात कंपनीने पुस्तिकेत दिलेला आकडाच पाळायचा. हे गणित त्या आकड्यामागचं कारण कळावं म्हणून.

टेस्ट पॉइंट बाहेरच्या बाजूला नसतील, खालचं झाकण उघडून मोजायला सांगत असतील, तर तो ॲम्प घरगुती माणसाने घेऊ नये. आत ४०० ते ५०० व्होल्ट असतात, ८४५ च्या ॲम्पमध्ये १००० च्या आसपास, आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले राहू शकतात. हा झटका जीव घेऊ शकतो.

विक्रेत्याला हेही विचारा: एखादी ट्यूब आतून शॉर्ट झाली तर काय होतं? प्रत्येक ट्यूबला स्वतंत्र फ्यूज किंवा संरक्षण सर्किट असेल तर नुकसान एका ट्यूबवर भागतं. नसेल तर रेझिस्टर जळतात आणि क्वचित ट्रान्सफॉर्मरही जातो.

आपल्याकडची वीज, ऊन आणि पावसाळा

ईएल३४, केटी८८ सारख्या ट्यूबना आतून तापवणारा हीटर ६.३ व्होल्टचा असतो आणि तो १० टक्के इकडेतिकडे सहन करतो. ॲम्पच्या मागे २२० व्होल्ट लिहिलंय आणि रात्री तुमच्याकडे २४५ येतात असं धरा. हीटरला ७ व्होल्ट मिळतात, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. ट्यूबचं आयुष्य इथे निमूटपणे घटत राहतं. तेव्हा घेण्याआधी आठवडाभर निरनिराळ्या वेळी घरची वीज मोजा, आणि ॲम्पला २३० किंवा २४० चा टॅप आहे का ते विचारा. चढउतार फार असतील तर चांगला सर्वो स्टॅबिलायझर लावा. चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर ट्यूब ॲम्प कधीही चालवू नका; ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. अर्थिंग खरं असलं पाहिजे, तीन पिनांचा नुसता देखावा नको.

पुण्या-मुंबईतल्या अनेकांचे भाऊ-भाचे अमेरिकेत असतात, आणि तिथे सेकंडहँड ॲम्प स्वस्त दिसतो. तो १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. व्होल्टेज स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने उतरवता येतं, फ्रीक्वेन्सी नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो आणि घरघरतो. मागच्या पट्टीवर '५०/६०' लिहिलेलं असेल तरच पुढे जा. जपानच्या स्थानिक बाजारातले ॲम्प १०० व्होल्टचे असतात. तिथल्या पूर्वेकडच्या भागात वीज ५० हर्ट्झचीच आहे, म्हणून ही अडचण सहसा येत नाही, पण स्टेप-डाउन लागतोच. आणि ३० किलोचा ॲम्प विमानाच्या २३ किलोच्या बॅगेत येत नाही, हेही धरून चाला.

चार केटी८८ चा ॲम्प नुसता चालू असताना २०० वॅटच्या आसपास खातो. रोज तीन तास म्हणजे महिन्याला १८ युनिट. बिलाचं ओझं किरकोळ, पण ती सगळी उष्णता खोलीत उतरते. बंद शोकेसमध्ये ठेवू नका, वर वीतभर मोकळी जागा सोडा, लहान मुलं किंवा मांजर असेल तर ट्यूबवरची जाळी काढू नका. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेत ट्यूबच्या पिना आणि सॉकेट काळे पडतात. पावसाळ्यात ॲम्प आठवड्यातून दोनतीनदा तरी लावा आणि प्लॅस्टिकने झाकून ठेवू नका. कुरकुर ऐकू आली तर ॲम्प बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि मगच पिना साफ करा.

ट्यूब मिळत राहतील का?

आता ट्यूबकडे येऊ. ईएल३४ आणि केटी८८ आज रशियात सारातोव्हला, स्लोव्हाकियात जेजेकडे आणि चीनमध्ये बनतात, त्यामुळे अडून राहायची वेळ येत नाही. ३००बी चीनमध्ये आणि चेक प्रजासत्ताकात बनते, शिवाय वेस्टर्न इलेक्ट्रिकने अमेरिकेत जॉर्जियातल्या रॉसव्हिलला पुन्हा उत्पादन सुरू केलं आहे. केटी१५० ची गोष्ट वेगळी. उत्कृष्ट ट्यूब, पण तिच्यासाठी जग सारातोव्हच्या कारखान्यावर विसंबून राहिलं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि पुरवठा अडला, तेव्हा किमती चढल्या. केटी१५० चा ॲम्प घेणार असाल तर एक जादा संच त्याच पावतीवर घ्या.

पॉवर ट्यूबचं आयुष्य साधारण २००० ते ५००० तास. रोज तीन तास धरले तर दोन ते साडेचार वर्षं. छोट्या ट्यूब त्याहून जास्त टिकतात. आठ पॉवर ट्यूबचा ॲम्प घेताना बदलण्याचा खर्चही आठपट येतो, हे आजच हिशेबात धरा. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळूरला बनवलेल्या ईसीसी८३ सारख्या छोट्या ट्यूब जुन्या साठ्यातून अजून विकल्या जातात. त्या चांगल्या आहेत, पण टेस्टरवर तपासून मगच घ्या.

ऐकून बघताना

शक्यतो स्वतःच्या स्पीकरवर, स्वतःच्या खोलीत ऐका. इतक्या किमतीच्या खरेदीत घरी ॲम्प आणून ऐकवायला विक्रेत्याने तयार असायला हवं. ॲम्प अर्धा तास तापू द्या. आधी काहीच न वाजवता स्पीकरला कान लावा, मग खुर्चीवर बसा. कान लावल्यावर हलकी गुणगुण आली तर चालेल, खुर्चीवर आली तर नाही.

दोन ॲम्पची तुलना करताना आवाजाची पातळी मोबाइलच्या मीटरने सारखी करा. एक डेसिबल मोठा वाजणारा ॲम्प नेहमीच चांगला वाटतो.

मग तानपुरा. चांगल्या ध्वनिमुद्रणात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. गायक सुरू झाल्यावरही तो वेगळा ऐकू येत राहिला पाहिजे. ॲम्प गढूळ असेल तर तो गायकाच्या आवाजात विरघळून जातो. त्यानंतर बायाँवर मनगटाने काढलेली मींड ऐका. खालून वर जाताना प्रत्येक टप्पा सारख्याच वजनाने आला पाहिजे. मध्येच एखादा टप्पा फुगला तर मघाचा इम्पीडन्सचा आलेख काढा, कारण तिथे सापडेल. शेवटी तुमच्याकडचं सगळ्यात दांडगं ध्वनिमुद्रण रोजच्यापेक्षा थोडं मोठ्याने लावा आणि मोठ्या आघातानंतरची शांतता ऐका. ताकद कमी पडणारा ॲम्प आघातानंतर क्षणभर सावरत राहतो.

घरी आणल्यावर

स्पीकरच्या तारा आधी जोडा, वीज नंतर. स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्पला सिग्नल दिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडू शकते आणि तो कायमचा जातो. ट्यूब ज्या सॉकेटचा क्रमांक लिहिलाय त्यातच बसवा, मागच्या पट्टीवरचं व्होल्टेज पुन्हा वाचा, मग चालू करा. पहिली पंधरा मिनिटं समोर बसून राहा. एखाद्या ट्यूबची प्लेट लालसर व्हायला लागली तर तत्काळ बंद करा आणि विक्रेत्याला फोन करा. हीटरचा नारिंगी उजेड वेगळा, तो हवाच.

बायस हाताने लावायचा असेल तर पहिल्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने मोजा. नंतर तीन महिन्यांतून एकदा पुरे. प्रत्येक ट्यूबचा आकडा तारखेसह वहीत लिहा, सोबत अंदाजे तासही. एखाद्या ट्यूबचा आकडा लावल्या जागी टिकेनासा झाला किंवा तास तीन हजारांच्या जवळ आले की जुळवलेला नवा संच मागवा, आणि जुन्यांतल्या ठीक असलेल्या दोन ट्यूब अडीअडचणीला डब्यात ठेवा.